अंगठा आत! बार कसा पकडायचा, आणि माझी एक चूक

(या भागाचा लेखी मजकूर. बोललेलं जवळपास तसंच ठेवलंय, फक्त अडखळणं आणि पुन्हा पुन्हा आलेली वाक्यं काढली आहेत.)

सोमवारी ऐकत असाल तर आज चेस्ट डे असणारच. सोमवारी संध्याकाळी जिममध्ये बेंच रिकामा मिळणं म्हणजे गर्दीच्या लोकलमध्ये खिडकी मिळण्यासारखं आहे.

आजच्या भागाची सुरुवात माफीने करायची आहे.

काही महिन्यांपूर्वी मनगटाच्या दुखण्यावर आपण एक भाग केला होता. त्यात बोलता बोलता मी म्हणून गेलो, "बेंच मारताना मनगट दुखत असेल तर अंगठा बारभोवती गुंडाळू नका, बाकीच्या चार बोटांच्या बाजूलाच ठेवून बघा. आराम पडेल." बस, एवढंच. पुढे कुठलाही इशारा नाही. मी लगेच वॉर्मअपकडे वळलो.

मागच्या आठवड्यात एक व्हॉइस नोट आली. एकोणीस वर्षांचा मुलगा, तालुक्याच्या गावी राहतो. गावात जिम आहे पण फी परवडत नाही, म्हणून त्याने गच्चीवर पत्र्याच्या शेडमध्ये जुना बेंच आणि बार आणून ठेवलाय. तो म्हणाला, "दादा, तुमचं ऐकून अंगठा बाहेर काढला. मनगट दुखायचं खरंच थांबलं. पण परवा पन्नास किलोच्या शेवटच्या रेपला बार हातातून सरकला आणि छातीवर आपटला. धाकटा भाऊ शेजारी मोबाइल बघत बसला होता, त्याने एका बाजूने ओढून बार काढला. आता छातीवर काळंनिळं झालंय, श्वास घेताना दुखतं. आईला सांगितलं नाही. दादा, अंगठा नक्की कुठे ठेवू?"

मी ती नोट तीन वेळा ऐकली. मग त्याला फोन केला. पहिलं सांगितलं, आधी आईला सांग आणि आजच्या आज डॉक्टरकडे जा. श्वास घेताना दुखतंय म्हणजे बरगडीला काही झालंय का ते बघायलाच हवं. तो गेला. एक्स-रे काढला, हाड शाबूत निघालं, मुका मार होता. पण तोच बार चार बोटं वर पडला असता तर गळ्यावर पडला असता. त्यात माझाही वाटा असता.

म्हणून आजचा अख्खा भाग त्याच्या एका प्रश्नावर. अंगठा कुठे ठेवायचा?

अंगठा बाहेर असला की काय होतं?

आधी साधी गोष्ट. तुमच्या हाताची चार बोटं एका बाजूने वळतात आणि अंगठा त्यांच्या समोरून येतो. बाटली धरा, बादलीची कडी धरा, बसचा दांडा धरा. वस्तू पक्की राहते कारण चार बोटं आणि अंगठा मिळून कडं तयार करतात. अंगठा बाहेर काढला की कडं राहत नाही, राहतो तो नुसता आकडा. खुंटीसारखा. खुंटीवर शर्ट टिकतो, पण खुंटी तिरकी झाली की शर्ट खाली.

बेंच प्रेसमध्ये तर ती खुंटीसुद्धा उलटी असते. तुम्ही पाठीवर झोपलेले, तळहात छताकडे, आणि बार तळहातावर ठेवलेला. बोटं वरून आलेली असतात, पण वजन बोटांवर नाही, तळहातावर आहे. अंगठा नसेल तर बारला तिथे थांबवणाऱ्या गोष्टी दोनच उरतात. एक म्हणजे मनगटाचा कोन आणि दुसरी म्हणजे घर्षण. पहिल्या रेपला दोन्ही चांगले असतात. आठव्या रेपला तळहात घामाने ओला झालेला असतो आणि दमलेलं मनगट किंचित पुढे कलतं. बार अंगठ्याच्या बाजूला, म्हणजे पोटाकडे, घरंगळायला लागतो. तिथे त्याला अडवायला कोणी नाही.

आता हिशोब बघा. हात सरळ असताना बार छातीपासून साधारण दीड फूट, म्हणजे ४५ सेंटिमीटर वर असतो. तिथून सुटलेली वस्तू खाली यायला किती वेळ लागतो? शाळेतलं सूत्र लावा, उत्तर येतं ०.३ सेकंद. पापणी मिटून उघडायला साधारण एवढाच वेळ लागतो. "सुटला तर पकडीन" असं जे आपण म्हणतो ना, त्याला काही अर्थ नाही. तुम्ही पकडू शकणार नाही, आणि डोक्याशी उभा असलेला स्पॉटरही पकडू शकणार नाही. स्पॉटर संथ होत जाणारा बार उचलू शकतो. सुटलेला बार उचलायला त्याच्याकडे वेळच नसतो.

जिममधली पोरं या पकडीला सुसाइड ग्रिप म्हणतात. हसत हसत म्हणतात. नाव विनोदाने पडलेलं नाही.

एक खरी घटना सांगतो. २००९ चा सप्टेंबर. अमेरिकेत सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या फुटबॉल संघातला स्टॅफॉन जॉन्सन बेंच प्रेस करत होता. वजन २७५ पौंड, म्हणजे जवळपास १२५ किलो. बार हातातून निसटला आणि गळ्यावर पडला. जवळ प्रशिक्षक होता. कित्येक तास शस्त्रक्रिया चालली. तो वाचला, पुन्हा मैदानावर उतरला. व्यावसायिक खेळाडूच्या पातळीचं शरीर, शेजारी माणूस उभा, आणि तरीही हे झालं. छातीला बरगड्यांचा पिंजरा आहे. गळ्यात श्वासनलिकेपुढे फक्त कूर्चा आहे. कूर्चा म्हणजे कानाच्या वरच्या बाजूला जो लवचीक भाग असतो ना, तसंच काहीतरी, थोडं जाड. त्यावर शंभर किलोचा लोखंडी बार पडला तर काय होईल ते सांगायला नको.

मग लोक अंगठा बाहेर काढतात का?

हा प्रश्न महत्त्वाचा आहे. कारण "करू नका" म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण त्या मुलाचं मनगट खरंच दुखत होतं आणि अंगठा काढल्यावर खरंच थांबलं होतं. तो खोटं बोलत नव्हता, आणि तेव्हा मीही खोटं बोललो नव्हतो. मी अर्धं बोललो होतो.

होतं काय, की आपल्यातले बहुतेक जण बार चुकीच्या जागी धरतात. बोटांच्या मुळाशी जिथे घट्टे पडतात ना, तिथे बार ठेवतात. मग वजनाने मनगट मागे वाकतं आणि बार हाताच्या हाडाच्या मागे लटकतो. मनगटाचा सांधा सगळा भार वाकलेल्या अवस्थेत पेलतो. दुखणारच.

अंगठा काढला की बार आपोआप खाली सरकून तळहाताच्या जाड गादीवर येतो, थेट मनगटाच्या हाडावर. मनगट सरळ होतं आणि दुखणं थांबतं. म्हणजे फायदा अंगठा काढल्याचा नव्हता. फायदा बार योग्य जागी आल्याचा होता. आणि ती जागा अंगठा आत ठेवूनही मिळते.

कशी, ते सांगतो. आत्ता ऐकताय ना, हातात लाटणं किंवा झाडूचा दांडा घ्या आणि करून बघा. बसमध्ये असाल तर घरी गेल्यावर.

एक. बार तळहातावर आडवा नाही, तिरका बसवा. अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या खाचेतून निघून तळहाताच्या खालच्या कोपऱ्यापर्यंत, करंगळीच्या बाजूला जो जाड भाग आहे तिथपर्यंत.

दोन. तो तसा बसावा म्हणून बोटं मिटण्याआधी दोन्ही हात किंचित आत फिरवा. बेंचवर झोपल्यावर तुमचे अंगठे एकमेकांकडे बघतात ना? त्यांना थोडं पायांकडे बघायला लावा. थोडंच.

तीन. आता बोटं मिटा, आणि शेवटी अंगठा बारखालून आणून तर्जनीवर टेकवा. हात लहान असेल तर अंगठा नुसता बोटाच्या टोकाला लागेल. चालतं. कडं पूर्ण झालं पाहिजे.

चार. रॅकमधून काढण्याआधी बार असा दाबा, जणू ओला टॉवेल पिळताय. हात आवळला की मनगट, कोपर, खांदा सगळं जागेवर घट्ट होतं.

पाच. मित्राला बाजूने फोटो काढायला सांगा. बार, मनगट आणि कोपर एकाखाली एक दिसले पाहिजेत. मनगट मागे लोंबकळलेलं दिसलं तर परत पहिल्या पायरीवर.

नवीन पकड शिकताना वजन उतरवा. रिकाम्या बारने सुरुवात करा आणि दोन आठवडे मोठ्या वजनाच्या नादी लागू नका. आणि हे सगळं करूनही मनगट दुखत असेल तर बार बाजूला ठेवा. डंबेल घ्या, तळहात एकमेकांसमोर ठेवून मारा. तरी दुखलं तर डॉक्टर. मी डॉक्टर नाही, आणि यूट्यूबही डॉक्टर नाही.

हातांमधलं अंतर किती? बार छातीला टेकतो तेव्हा समोरून बघितलं तर कोपरापासून मनगटापर्यंतचा हात सरळ उभा दिसला पाहिजे. फार अरुंद धरलं तर हात आत झुकतो, फार रुंद धरलं तर बाहेर आणि खांद्यावर ताण येतो. पॉवरलिफ्टिंगच्या बारवर दोन गुळगुळीत पट्ट्या दिसतात, त्यांच्यामधलं अंतर ८१ सेंटिमीटर असतं. इंटरनॅशनल पॉवरलिफ्टिंग फेडरेशनच्या नियमानुसार दोन तर्जन्यांमध्ये याहून जास्त अंतर चालत नाही. त्याच नियमात आणखी एक गोष्ट आहे. बेंच प्रेसला अंगठा बारभोवती असणं सक्तीचं आहे. जगातले सगळ्यात जास्त वजन उचलणारे लोक, भोवती प्रशिक्षित स्पॉटर, आणि तरीही त्यांना अंगठा बाहेर ठेवायला परवानगी नाही. मग आपण गच्चीवर एकटे का ठेवावा?

एकच प्रश्न विचारायचा

आता कोणी म्हणेल, दादा, मग स्क्वॉटला तर मोठमोठे लिफ्टर अंगठा बारच्या वर ठेवतात. पुल-अपला पण ठेवतात. ते चुकीचं का?

नाही. प्रत्येक वेळी एक प्रश्न विचारायचा: पकड सुटली तर बार कुठे जाईल?

स्क्वॉटमध्ये बार पाठीवर असतो. वजन पाठ आणि पाय पेलतात, हात बारला फक्त पाठीशी दाबून धरतात. अंगठा वर ठेवल्याने मनगट सरळ राहत असेल तर हरकत नाही. अट एवढीच की वजन हातांवर येता कामा नये. पुल-अपमध्ये बार हलतच नाही, हात सुटला तर तुम्ही पायावर उतरता. फक्त बार फार उंच नको आणि खाली डंबेल पडलेले नकोत.

बेंच प्रेस, इन्क्लाइन, डोक्यावर वजन ढकलायचा शोल्डर प्रेस, झोपून ट्रायसेप्ससाठी कपाळाकडे बार आणतो तो व्यायाम, या सगळ्यात बार सुटला तर तुमच्या अंगावर येतो. तिथे अंगठा आत. यात "मला सवय आहे" चालत नाही.

आणि डेडलिफ्ट? तिथे बार सुटला तर जमिनीवर जातो. म्हणून डेडलिफ्टमध्ये पकड कमी पडणं ही धोक्याची गोष्ट नाही. धोका दुसरीकडे आहे. तो बघू.

डेडलिफ्ट: चार पकडी

पहिली, दोन्ही हात पालथे. सगळ्यात साधी, आणि दोन्ही खांद्यांवर सारखा भार टाकणारी. अडचण एकच, वजन वाढलं की बार बोटांकडे घरंगळतो आणि पाठ-पाय दमायच्या आधी हात सुटतो. तरीही वॉर्मअपचे सगळे सेट असेच मारा. पकड यातूनच वाढते.

दुसरी, एक हात पालथा, एक उताणा. मिक्स ग्रिप. बार एका हातातून ज्या दिशेने घरंगळू बघतो, दुसरा हात त्याला उलटा अडवतो. म्हणून ती इतकी घट्ट बसते. पण उताण्या हाताचं काय होतं ते ऐका. तळहात पुढे असताना बायसेप्स ताणलेला असतो. त्याचं टोक, म्हणजे कोपराशी हाडाला जोडणारा दोर, त्याला टेंडन म्हणतात. जड बार उचलताना तुम्ही तो हात किंचित जरी वाकवून ओढलात, तर सगळा झटका त्या दोरावर येतो. तुटतो तेव्हा फट्कन आवाज येतो आणि दंडाचा स्नायू वर गोळा होतो. अशा दुखापतीचे व्हिडिओ तुम्ही रील्सवर बघितले असतील. नीट बघा, उताणा हातच गेलेला दिसेल. असं कधी झालंच तर "सूज उतरली की बघू" म्हणायचं नाही, लगेच अस्थिरोगतज्ज्ञ गाठायचा. उशीर झाला की तो दोर परत जोडणं अवघड होत जातं.

म्हणून मिक्स ग्रिपचे तीन नियम. हात दोरीसारखे सरळ ठेवायचे, वाकवून ओढायचं नाही. बारला झटका द्यायचा नाही, आधी बारमधली ढिलाई काढायची, हलकासा कट् आवाज येईपर्यंत, आणि मग पायांनी जमीन ढकलायची. आणि सरावात हात आलटून पालटून घ्यायचे, कायम उजवाच उताणा असं नको.

तिसरी, हूक ग्रिप. यात अंगठा आधी बारला चिकटवायचा आणि त्याच्यावरून तर्जनी आणि मधलं बोट आणून तो कुलूपबंद करायचा. म्हणजे बोटं बारला नाही, अंगठ्याला धरतात. वेटलिफ्टिंगमधले खेळाडू बार जमिनीवरून असाच ओढतात. २०२१ मध्ये टोकियोला मीराबाई चानूने ४९ किलो गटात स्नॅच ८७ आणि क्लीन अँड जर्क ११५, एकूण २०२ किलो उचलून रौप्य घेतलं. पाच फुटांहून थोडी कमी उंची, लहान हात, आणि वजनाच्या दुपटीहून जास्त बार. नुसत्या मुठीने ते शक्य नाही. आंतरराष्ट्रीय नियमातही हूक ग्रिपला स्पष्ट परवानगी आहे. महिलांचा बार १५ किलोचा आणि २५ मिलिमीटर जाडीचा असतो, पुरुषांचा २० किलोचा आणि २८ मिलिमीटरचा. म्हणून जिममधल्या मुलींना सांगतो, वजन जड वाटत नाही पण बार हातात मावत नाही असं होत असेल तर दोष तुमचा नाही. पातळ बार असेल तर तो मागा.

हूक ग्रिप दुखते. सुरुवातीचे दोनतीन आठवडे अंगठा तुम्हाला शिव्या देईल. हलक्या वजनाने सुरू करा, अंगठ्याला ताणली जाणारी चिकटपट्टी लावा. पण अंगठा बधिर होत असेल, मुंग्या रेंगाळत असतील तर थांबा.

चौथी, स्ट्रॅप. मनगटाचे पट्टे. डेडलिफ्टच्या जास्त रेपच्या सेटला, रोइंगला खुशाल वापरा. पण क्लीन करताना, म्हणजे बार जमिनीवरून खांद्यावर घेताना, पट्टे अजिबात नकोत. बार चुकला आणि कोपर गुडघ्यावर आदळलं, तर मोकळा हात बार सोडू शकतो, बांधलेला सोडू शकत नाही. मनगट मोडतं. स्पर्धेत वेटलिफ्टरना पट्टे चालत नाहीत.

इथे आपल्या सांगलीच्या संकेत सरगरची आठवण येते. २०२२, बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धा, ५५ किलो गट. स्नॅच ११३, क्लीन अँड जर्क १३५, एकूण २४८. सुवर्ण २४९ ला गेलं. एका किलोने हुकलं. क्लीन अँड जर्कच्या दुसऱ्या प्रयत्नात १३९ किलोला त्याच्या उजव्या कोपराला दुखापत झाली, आणि तरी तो तिसऱ्या प्रयत्नाला उभा राहिला. त्याच्या जिद्दीला सलाम आहेच. पण मी दाखवतोय ते दुसरं. त्या खेळात बार चुकला की सोडून बाजूला होणं हेसुद्धा तंत्र आहे. ते शिकवतात, घोटून घेतात. खाली रबरी प्लेट असतात, लाकडी मंच असतो, आणि आजूबाजूला कोणी उभं नसतं. बार सोडता येणं हीसुद्धा सुरक्षितता आहे. कुठे धरून ठेवायचं आणि कुठे सोडायचं, हे व्यायामागणिक वेगळं आहे.

घाम, पावडर, हातमोजे

आता आपल्याकडचा खास विषय. जून ते सप्टेंबर मुंबई, कोकण, गोव्यात जिममधली हवा पिळून पाणी काढावं अशी असते. ओला तळहात आणि गुळगुळीत झालेला बार, यापेक्षा वाईट जोडी नाही.

तालमीत पैलवान हाताला आखाड्याची माती का लावतात? घाम शोषला जावा आणि पकड बसावी म्हणून. जिममध्ये तेच काम चॉक करतो. तो मॅग्नेशियम कार्बोनेट असतो. जिमवाले "सांडतो" म्हणून नको म्हणत असतील तर लिक्विड चॉक घ्या, हातावर चोळला की सुकतो आणि सांडत नाही. तेही नसेल तर कोरडा टॉवेल, प्रत्येक सेटआधी हात आणि बार दोन्ही पुसा.

पण टाल्कम पावडर? अजिबात नाही. हे मी स्वतः बघितलंय. चॉक पांढरा, पावडर पांढरी, म्हणून पोरं घरून डबा आणतात. टाल्कम घसरगुंडी करतं. डेडलिफ्टवाले ते मांडीला लावतात, बार घसरावा म्हणून. तेच तुम्ही हाताला लावून बेंच मारताय. त्या मुलाला मी फोनवर विचारलं, हाताला काय लावलं होतंस? "पावडर, दादा." अंगठा बाहेर आणि वर पावडर. आता कळलं बार का सुटला.

हातमोजे वाईट नाहीत, पण जाड फोमचे मोजे बार आणखी जाड करतात आणि आत सरकतात. घट्ट्यांची भीती वाटते म्हणून घालत असाल तर बार नीट जागी धरा आणि आंघोळीनंतर घट्टे हलके घासून सपाट करा. उंच राहिलेला घट्टाच फाटतो.

एकट्याने मारत असाल तर

हे त्या मुलासाठी, आणि त्याच्यासारखे घरी, सोसायटीच्या जिममध्ये, रात्री दहानंतर एकटे बेंच मारणारे जे आहेत त्यांच्यासाठी.

रॅकला आडवे सेफ्टी बार असतील तर वापरा. उंची कशी ठरवायची? रिकामा बार घेऊन झोपा. छाती फुगवून बार खाली आणला तर तो छातीला टेकला पाहिजे. छाती सैल सोडून पाठ सपाट केली तर बार सेफ्टीवर टेकून तुमच्या गळ्याच्या वर राहिला पाहिजे. दोन मिनिटांचं काम आहे.

सेफ्टी नसतील आणि सपोर्ट द्यायला कोणी नसेल, तर प्लेटना लॉक लावू नका. अडकलात तर बार एका बाजूला कलता करून प्लेट घसरवता येतात. लक्षात ठेवा, एक बाजू रिकामी झाली की दुसरी बाजू जोरात खाली जाते. म्हणून भोवती जागा हवी आणि धाकटी भावंडं लांब हवीत. वजन कमी असेल तर बार छातीवरून पोटाकडे, कमरेकडे ढकलत नेऊन उठून बसता येतं. पोट दाबलं जातं, छान वाटत नाही, पण सुटका होते. हे दोन्ही प्रकार हलक्या बारने आधी करून बघा. अडकल्यावर पहिल्यांदा शिकायचं नसतं.

आणि सगळ्यात सोपा उपाय: एकटे असाल तेव्हा शेवटचा रेप सोडून द्या. एक रेप येतोय असं वाटताना थांबा. किंवा डंबेल मारा, फ्लोअर प्रेस मारा, जोर मारा. जोर मारून छाती तयार झालेल्या पैलवानांची आपल्याकडे कमी नाही.

सपोर्ट देणाऱ्यासाठी पण दोन शब्द. आधी विचारा, किती रेप आणि कधी हात लावू? मग फोन खिशात. डोळे बारवर. "एक अजून, एक अजून" ओरडणं म्हणजे सपोर्ट नाही. आणि ज्याच्या छातीवर बार आहे त्याचा अंगठा बाहेर दिसला, तर रॅकमधून बार काढूच देऊ नका. ओरडला तर ओरडू दे.

शेवटी

तो जुना भाग मी काढून टाकलेला नाही, पण त्यातलं ते वाक्य कापलंय आणि तिथे माझ्या आवाजात दुरुस्ती घातली आहे. ज्यांनी तो आधी ऐकलाय त्यांच्यापर्यंत ही दुरुस्ती आपोआप पोचणार नाही. म्हणून एक विनंती आहे. तुमच्या ओळखीत कोणी अंगठा बाहेर ठेवून बेंच मारत असेल तर हा भाग त्याला पाठवा. त्याने ती सवय माझ्याकडूनच उचलली असेल, काय सांगावं.

काल रात्री त्या मुलाचा मेसेज आला. फोटो होता. रिकामा बार, तिरका तळहात, आणि अंगठा तर्जनीवर टेकलेला. खाली लिहिलं होतं, "दादा, डॉक्टरांनी तीन आठवडे थांबायला सांगितलंय. तोपर्यंत लाटण्यावर प्रॅक्टिस. आई म्हणते लाटणं परत दे."

देऊन टाक रे बाबा. पोळ्या आधी.

भेटू पुढच्या भागात. तुमचे प्रश्न व्हॉइस नोटने पाठवा, आणि मी कुठे चुकलो तर तेही पाठवा. ऐकतोय मी. काळजी घ्या.